उधारीचे कप्पे: रिपोर्टमध्ये आकड्यांचे गट पाडायला नव्याने शिकणाऱ्यांसाठी

मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका लहान इंजिनिअरिंग युनिटमध्ये मी हिशेबाचं काम बघते. दर सोमवारी सकाळी शेठच्या टेबलावर येणी बाकीचा कागद लागतो. बडोद्यात मराठी घरांतसुद्धा त्याला उघराणीची लिस्टच म्हणतात. सुरुवातीला मी टॅली ह्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली चारशे बिलांची यादी तशीच छापून देत असे. शेठ दोन पानं उलटायचे आणि विचारायचे, "बेन, ह्यात फोन कोणाला करायचा?"

प्रश्न बरोबर होता. चारशे आकडे वाचून कोणी निर्णय घेत नाही. बिल किती दिवसांचं झालं ह्यावरून कप्पे पाडले, प्रत्येक कप्प्यात किती रक्कम अडकली ते दाखवलं, की एका पानात काम होतं. मी तसा रिपोर्ट केला आणि पहिल्याच आठवड्यात चूक झाली. काही बिलांची तारीखच भरलेली नव्हती आणि माझ्या फॉर्म्युल्याने ती सगळी सर्वांत जुन्या कप्प्यात टाकली. वेळेवर पैसे देणाऱ्या एका पार्टीला कडक शब्दांत फोन गेला. त्यांनी पुढचे कितीतरी दिवस आमच्याशी मोकळेपणाने बोलणं टाकलं होतं.

आता माझ्या नणंदेची मुलगी अलकापुरीतल्या एका ऑफिसात रिपोर्टिंगच्या कामाला लागली आहे. तिला फोनवर समजावताना जे सांगितलं, तेच इथे नीट क्रमाने लिहिते आहे. उदाहरण उधारीचं असलं तरी पद्धत मार्क, वय, पगार, पाऊस, वजन, कशालाही लागू पडते.

हाताशी काय हवं

- टॅलीतून किंवा तुमच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली बिलवार यादी: पार्टीचं नाव, बिल नंबर, बिलाची तारीख, माल पोचल्याची तारीख, बाकी रक्कम
- एक्सेल किंवा गूगल शीट्स. त्यावर रिपोर्ट हवा असेल तर लुकर स्टुडिओ किंवा पॉवर बीआय. लुकर स्टुडिओ म्हणजे पूर्वीचा डेटा स्टुडिओ. ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलने नाव बदललं, म्हणून जुन्या व्हिडिओंत दुसरं नाव दिसतं
- त्याच तारखेचा संड्री डेटर्सचा (सगळ्या गिऱ्हाइकांकडून येणं असलेल्या बाकीचा) एकूण आकडा, शेवटी ताळा जुळवायला
- कोरा कागद आणि पेन. हे मी मनापासून सांगते, ह्याशिवाय सुरू करू नका

लिपीबद्दल एक सूचना. खाली फॉर्म्युले देवनागरीत लिहिले आहेत म्हणजे वाचता येतील, पण स्क्रीनवर फंक्शनची नावं आणि अंक इंग्रजीतच टाइप करायचे असतात. ३० असं मराठी अंकांत टाइप केलंत तर सॉफ्टवेअर त्याला संख्या मानेलच असं नाही. अवतरणचिन्हांच्या आतली कप्प्याची नावं मात्र मराठीत खुशाल ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फॉर्म्युला तसाच चिकटवू नका. तिथे अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि फॉर्म्युला चुकीचा असल्याचा निरोप येतो. मी एकदा अर्धा तास कंस मोजत बसले होते. दोष त्या चिन्हांचा होता.

१. आधी ठरवा: ह्या कप्प्याचं कोण काय करणार?

नवीन माणूस पहिल्या दिवशी ०-३०, ३१-६०, ६१-९० असे सारखे कप्पे पाडतो, कारण सगळीकडे तसेच दिसतात. सारखे कप्पे दिसायला छान असतात, पण रेघ तिथेच ओढावी जिथे तुमचं काम बदलतं. आमच्या रेघा अशा ठरल्या:

३० दिवसांपर्यंत कोणीही काही करायचं नाही, आमची बोलीच तीस दिवसांची आहे.

४५ ही रेघ कायद्याची आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ प्रमाणे लेखी करार असला तरी सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. त्यामुळे ३१ ते ४५ ह्या कप्प्यातल्या पार्टीला मी स्वतः फोन करते आणि ४५ ओलांडलं की कलमाचा उल्लेख करून मेल जातो.

९० ची रेघ आमच्या बँकेमुळे आली. कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे माल आणि येणी तारण ठेवून मिळणाऱ्या उचलीसाठी, महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट देतो, त्यात ९० दिवसांवरची येणी बँक धरत नाही. म्हणजे तेवढी उचल कमी होते. शेठना ह्या कप्प्याची रक्कम तोंडपाठ असते.

१८० जीएसटीमुळे. खरेदीदाराने बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याने घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) त्याला परत करावं लागतं. हे शांतपणे सांगितलं की समोरचा अकाउंटंट स्वतःहून बिल मंजुरीसाठी पुढे सरकवतो, कारण नुकसान त्याचंही आहे.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्या. ४५ दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात आणि १८० बिलाच्या तारखेपासून. घड्याळं दोन आहेत. टॅलीमध्येही एजिंग (बिल किती दिवस जुनं ह्याचा रिपोर्ट) बिलाच्या तारखेने किंवा देय तारखेने असं दोन्ही प्रकारे निघतं. तुमचा रिपोर्ट कुठल्या तारखेपासून मोजतो ते रिपोर्टच्या मथळ्यातच लिहा, नाहीतर दर महिन्याला सीएंच्या आकड्याशी तुमचा आकडा जुळणार नाही आणि दोघंही बरोबर असाल. आम्ही रोजच्या रिपोर्टसाठी माल पोचल्याची तारीख धरतो आणि १८० साठी बिलाच्या तारखेचा वेगळा कॉलम ठेवतो. पुढच्या उदाहरणात सोपं जावं म्हणून एकच "दिवस" कॉलम घेतला आहे.

आपल्या बडोद्याला वर्गीकरण नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालांना इथे बोलावलं, आणि त्यांनी इथल्या ग्रंथालयांसाठी पुस्तकांच्या वर्गीकरणाची स्वतंत्र बडोदा पद्धत बसवली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत गेलात तर कपाटांकडे ह्या नजरेने बघा. प्रत्येक पुस्तकाला एक जागा, एकाच पुस्तकाला दोन जागा नाहीत, आणि कुठलंही पुस्तक बिनजागेचं नाही. फॉर्म्युल्याकडून आपण नेमकं हेच मागतो.

२. आकडा खरंच आकडा आहे का, ते बघा

ह्या पायरीला कंटाळा करू नका. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या यादीत संख्या कितीदा तरी मजकूर म्हणून उतरते. दिसते ४५, पण एक्सेलच्या लेखी ते अक्षर असतं. आणि एक्सेल तुलना करताना कुठलाही मजकूर कुठल्याही संख्येपेक्षा मोठा धरतं. म्हणजे मजकूर झालेलं ४५ हे ३० पेक्षाही मोठं, १८० पेक्षाही मोठं. ते थेट शेवटच्या कप्प्यात जातं आणि काही चुकल्याचा निरोपही येत नाही. ओळखायची खूण अशी: तुम्ही अलाइनमेंट बदललेली नसेल तर संख्या खान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. पूर्ण कॉलम निवडून "टेक्स्ट टू कॉलम्स" चालवलं की बहुतेक वेळा ठीक होतं.

तारखांचा सापळा ह्याहून वाईट. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर ०५-०७-२०२५ ही आपली ५ जुलै तिथे ७ मे होते. बिल एका क्षणात ५९ दिवसांनी जुनं होतं! २५-०७-२०२५ मध्ये मात्र पंचविसावा महिना नसल्यामुळे ती तारीख मजकूरच राहते. त्यामुळे कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या, की समजायचं की उजवीकडच्यासुद्धा चुकलेल्या आहेत. अशा वेळी एकेक तारीख दुरुस्त करत बसू नका. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये इंडिया निवडा आणि यादी नव्याने काढून उघडा.

तिसरं, तारखेबरोबर वेळ आलेली असेल तर दिवस अपूर्णांकात येतात. ३०.४ दिवस. हा आकडा तुमच्या "३० पर्यंत" मध्येही नाही आणि "३१ पासून" मध्येही नाही. दिवस काढतानाच "इंट" फंक्शनने तारखेचा पूर्णांक घ्या.

३. रेघेवरचा आकडा कुठल्या बाजूला, ते कागदावर लिहा

बरोबर ४५ दिवस झालेलं बिल कुठे? ४५ दिवसांच्या आत देणं म्हणजे पंचेचाळिसावा दिवस चालतो, म्हणून आमच्याकडे ते खालच्या कप्प्यात. हे कागदावर लिहून शेठला दाखवलं, त्यांनी होकार दिला, मग फॉर्म्युला केला. फॉर्म्युला आधी केला तर "पेक्षा कमी" आणि "पेक्षा कमी किंवा समान" ह्यातलं जे बोटाला आधी येईल ते पडतं आणि तोच नियम होऊन बसतो.

काठाचं महत्त्व पटायला पावसाचं उदाहरण घ्या, बडोद्यात ते कोणालाही कळेल. भारतीय हवामान विभाग २४ तासांच्या पावसाचे असे गट करतो: २.५ ते १५.५ मिलीमीटर हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत मुसळधार. नोंद एका दशांशापर्यंत असते, म्हणून १५.५ नंतर लगेच १५.६ आलं तरी मध्ये फट राहत नाही. पण तुम्ही दोन ठिकाणांची सरासरी काढलीत आणि १५.५५ आलं, तर "१५.५ पर्यंत" आणि "१५.६ पासून" असा फॉर्म्युला त्याला कुठेच बसवणार नाही.

आणि इथे आपण पाऊस इंचांत बोलतो. समजा २०५ मिलीमीटर पडला. हा अत्यंत मुसळधार. इंचांत तो ८.०७, बोलताना आठ इंच. आता कोणी ते आठ इंच परत २५.४ ने गुणले की येतात २०३.२, म्हणजे अति मुसळधार. पाऊस तोच, गट बदलला, कारण मध्ये कोणीतरी आकडा गोल केला. म्हणून गट नेहमी मूळ आकड्यावर पाडा, गोल करायचं ते शेवटी, दाखवताना. विश्वामित्री नदीला २६ फूट ही धोक्याची पातळी, २५.८ फुटांना गोल करून २६ लिहिण्यातला फरक काय असतो ते पुराच्या दिवसांत काठावर राहणाऱ्यांना विचारा.

४. फॉर्म्युला लिहा, प्रत्येक रेघ एकदाच

सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये तत्त्व एक आहे. अटी वरून खाली तपासल्या जातात, पहिली खरी ठरलेली अट लागते आणि बाकीच्या बघितल्याच जात नाहीत. ह्याचा फायदा घ्या. "३० पेक्षा जास्त आणि ४५ पर्यंत" अशी दोन्ही टोकं लिहायची गरज नाही. तिसाच्या आतलं वरच निघून गेलेलं असतं, म्हणून पुढच्या ओळीत फक्त "४५ पर्यंत" पुरतं. दोन टोकं लिहिली की फट राहायला किंवा आकडा दोनदा पकडला जायला जागा मिळते.

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये बी कॉलममध्ये तारीख असेल तर सी कॉलममध्ये दिवस:

=इफ(बी२="","",टुडे()-इंट(बी२))

आणि डी कॉलममध्ये कप्पा:

=इफ्स(सी२="","०) तारीख नाही", सी२<०,"१) तारीख पुढची", सी२<=३०,"२) ३० पर्यंत", सी२<=४५,"३) ३१ ते ४५", सी२<=९०,"४) ४६ ते ९०", सी२<=१८०,"५) ९१ ते १८०", ट्रू,"६) १८० च्या वर")

शेवटचं "ट्रू" म्हणजे "वरचं काहीच लागू नसेल तर". ते विसरलात तर १८० च्या वरच्या प्रत्येक ओळीत एन/ए ही चूक दिसेल. "इफ्स" एक्सेल २०१९ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ पासून आहे. जुन्या एक्सेलमध्ये एकात एक "इफ" घालावे लागतात. एक्सेल तसे ६४ पर्यंत घालू देतं, पण पाच-सहानंतर कंस कुठे बंद होतो ते लिहिणाऱ्यालाही दिसत नाही.

लुकर स्टुडिओत डेटा सोर्समध्ये (जिथे तुमची शीट जोडलेली असते तिथे) जाऊन कॅल्क्युलेटेड फील्ड, म्हणजे फॉर्म्युल्याचा नवा कॉलम, जोडायचं:

केस
व्हेन दिवस इज नल देन "०) तारीख नाही"
व्हेन दिवस < ० देन "१) तारीख पुढची"
व्हेन दिवस <= ३० देन "२) ३० पर्यंत"
व्हेन दिवस <= ४५ देन "३) ३१ ते ४५"
व्हेन दिवस <= ९० देन "४) ४६ ते ९०"
व्हेन दिवस <= १८० देन "५) ९१ ते १८०"
एल्स "६) १८० च्या वर"
एंड

प्रत्येक "देन" नंतर एकाच जातीची गोष्ट हवी. एका ओळीत मजकूर आणि दुसरीत संख्या चालत नाही. फील्ड डेटा सोर्समध्येच बनवा. एखाद्या चार्टच्या आत बनवलंत तर ते त्या चार्टपुरतंच राहतं आणि दुसऱ्या चार्टसाठी पुन्हा लिहिताना हमखास एखादी रेघ हलते.

पॉवर बीआयमध्ये नवा कॉलम घेऊन "स्विच" वापरतात: स्विच(ट्रू(), इजब्लँक(दिवस), "०) तारीख नाही", दिवस<०, "१) तारीख पुढची", ... आणि शेवटी एकटं "६) १८० च्या वर". इथे कॉलमच घ्या, मेझर (चार्ट दाखवताना मोजला जाणारा आकडा) नको. मेझर चार्टच्या अक्षावर किंवा स्लायसरमध्ये (रिपोर्टवरच्या निवडीच्या चौकटीत) टाकता येत नाही. मात्र कॉलम रिफ्रेशच्या वेळीच मोजला जातो. शुक्रवारी रिफ्रेश केलेली फाइल सोमवारी उघडली तर "आज" म्हणजे शुक्रवारच असतो, आणि ४४ दिवसांचं दिसणारं बिल खरं ४७ दिवसांचं झालेलं असतं. पानाच्या कोपऱ्यात रिफ्रेशची तारीख दाखवा.

क्रम उलटा झाला तर काय होतं ते एकदा मुद्दाम करून बघा. "१८० पर्यंत" ही ओळ सगळ्यांत वर नेलीत की जवळजवळ सगळी बिलं तिथेच अडकतात आणि मधले कप्पे रिकामे पडतात. रिपोर्टमध्ये अचानक मधला कप्पा शून्य झाला की आधी अटींचा क्रम तपासायचा.

५. रिकामा खाना: इथेच सर्वांत जास्त फसगत होते

माझी पहिली चूक इथली होती, म्हणून सावकाश सांगते.

रिकाम्या खान्याला प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळं वागवतं. एक्सेल तुलना करताना रिकामा खाना शून्य धरतं, म्हणून दिवसांचा खाना रिकामा असेल तर "३० पर्यंत" ही अट खरी ठरते आणि बिल सर्वांत ताज्या कप्प्यात बसतं. पॉवर बीआयमध्येही तसंच. लुकर स्टुडिओत मात्र रिकाम्याची कुठल्याही आकड्याशी तुलना खरी ठरतच नाही. ते एकेक अट ओलांडत "एल्स" मध्ये पडतं, म्हणजे सर्वांत जुन्या कप्प्यात. तोच डेटा, तेच कप्पे, त्याच रेघा; एका रिपोर्टमध्ये पार्टी सगळ्यांत चांगली, दुसऱ्यात सगळ्यांत वाईट.

आणि एक्सेलमध्ये दिवस नव्हे, तारीख रिकामी असेल तर गोष्ट फिरते. आज वजा रिकामं, म्हणजे आज वजा शून्य. एक्सेल तारखा १९०० सालापासून मोजतं. १ जानेवारी २०२५ हा त्याच्या लेखी ४५६५८ वा दिवस. त्यामुळे तारीख न भरलेलं बिल पंचेचाळीस हजारांहून जास्त दिवसांचं होतं. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं. दिवसांचा कॉलम मी रिपोर्टमध्ये दाखवलाच नव्हता, फक्त कप्पा दाखवला होता, म्हणून तो अशक्य आकडा कोणाच्या नजरेला पडला नाही.

म्हणून तीन गोष्टी पाळा. रिकाम्याची अट सगळ्यांत वर ठेवा. तिला स्वतःचा कप्पा द्या, शून्यात किंवा "इतर" मध्ये ढकलू नका. आणि तो कप्पा रिपोर्टमधून लपवू नका. "तारीख नाही: ७ बिलं" असं पानावर दिसलं की कोणीतरी ती तारीख भरतं. आमच्याकडे दोन महिन्यांत हा कप्पा जवळजवळ रिकामा झाला.

"तारीख पुढची" हा कप्पाही ह्याच कारणासाठी आहे. दिवस उणे येतात ते एकतर तारीख चुकीची पडल्यामुळे किंवा पुढच्या महिन्याचं बिल आधीच बनवल्यामुळे. देय तारखेपासून मोजत असाल तर मात्र उणे आकडा ही चूक नाही, त्याचा अर्थ अजून मुदत आहे. तेव्हा त्या कप्प्याला "मुदत बाकी" म्हणा.

६. नावं आणि क्रम

कप्प्याचं नाव हा मजकूर असतो, आणि मजकूर अक्षरांच्या क्रमाने लागतो. "१८० च्या वर" हे "३१ ते ४५" च्या आधी येतं, कारण १ हा ३ च्या आधी. म्हणून वर प्रत्येक नावापुढे ०), १), २) लावलं आहे. पॉवर बीआयमध्ये क्रमांकाचा वेगळा कॉलम करून "सॉर्ट बाय कॉलम" ने लावता येतं. तो क्रमांक कप्प्याच्या नावावरून काढू नका, दिवसांवरूनच काढा, नाहीतर चक्राकार संदर्भाची चूक येते. लुकर स्टुडिओत चार्ट बहुधा आधी रकमेप्रमाणे लागलेला असतो, तिथे सॉर्टमध्ये जाऊन कप्पा निवडायला विसरू नका.

नावात नुसतं १-१२ असं लिहू नका, एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. "१ ते १२" लिहा. "जुनी", "फार जुनी", "चिंताजनक" अशी नावंही टाळा; आकडा असलेलं नाव वाद घालू देत नाही.

७. बिलाचा कप्पा की पार्टीचा?

एका पार्टीची पाच बिलं असतात, तीन ताजी, दोन जुनी. बिलाप्रमाणे कप्पे पाडले तर पार्टी दोन-तीन ठिकाणी दिसेल, आणि ते बरोबर आहे. पण "एकूण पाच लाखांवर बाकी असलेल्या पार्टी" असा कप्पा हवा असेल, तर आधी पार्टीप्रमाणे बेरीज, मग अट. हा क्रम चुकला तर दोन-दोन लाखांची तीन बिलं असलेली पार्टी कधीच मोठी दिसणार नाही.

लुकर स्टुडिओत बेरीज आणि साधं फील्ड एकाच फॉर्म्युल्यात मिसळता येत नाही. मी शीटमध्येच पिव्होट (गटवार बेरजेचा तक्ता) करून पार्टीवार बेरजेचा वेगळा टॅब बनवते आणि तो दुसरा डेटा सोर्स म्हणून जोडते. सगळ्यांत सोपं हेच पडतं.

८. पुढे पाठवण्याआधी तपासा

एक टॅब "चाचणी" नावाचा कायम ठेवा. त्यात दिवसांच्या जागी हे आकडे भरा: उणे ५, ०, ३०, ३१, ४५, ४६, ९०, ९१, १८०, १८१, एक रिकामा, एक ३०.४ आणि एक मजकूर म्हणून लिहिलेला ४५. प्रत्येकाचा अपेक्षित कप्पा शेजारी हाताने लिहा आणि फॉर्म्युल्याच्या उत्तराशी ताडून बघा. मजकूरवाला ४५ मुद्दाम ठेवा, तो शेवटच्या कप्प्यात गेलेला डोळ्यांनी बघितला की पायरी २ पुन्हा कधी चुकत नाही.

मग खऱ्या डेटावर प्रत्येक कप्प्यासाठी चार आकडे काढा: बिलं किती, रक्कम किती, सर्वांत कमी दिवस किती, सर्वांत जास्त दिवस किती. "३१ ते ४५" मध्ये किमान ३१ च्या खाली किंवा कमाल ४५ च्या वर दिसली की चूक तिथेच सापडली. शेवटच्या कप्प्याची कमाल पंचेचाळीस हजारांच्या वर असेल तर काय झालं ते आता तुम्हाला माहीत आहे.

शेवटी सगळ्या कप्प्यांची बेरीज संड्री डेटर्सच्या बाकीशी जुळवा. जुळली नाही तर घाबरू नका, आधी "ऑन अकाउंट" जमा बघा. पार्टीने पैसे दिलेत पण ते कुठल्या बिलापोटी ते टॅलीत लावलेलं नाही, असं सर्रास असतं. बिलवार यादीत बिल पूर्ण बाकी दिसतं आणि खात्यात मात्र कमी. असे पैसे आधी बिलांना लावून घ्या, नाहीतर पैसे दिलेल्या माणसाला तगादा जाईल.

९. रेघा बदलणार असतील तर त्या फॉर्म्युल्याबाहेर ठेवा

शेठ वर्षातून एकदा तरी म्हणतात, "साठाची पण एक रेघ टाक." रेघा फॉर्म्युल्यात कोरलेल्या असतील तर प्रत्येक ठिकाणी बदल करावा लागतो. पाचापेक्षा जास्त कप्पे असतील तर वेगळा तक्ता करा: पहिल्या कॉलममध्ये ०, ३१, ४६, ९१, १८१, दुसऱ्यात कप्प्यांची नावं. मग "व्हीलुकअप" शेवटच्या जागी ट्रू देऊन चालवा. तो दिलेल्या आकड्याइतकी किंवा त्याच्या लगेच खालची ओळ शोधतो. पहिला कॉलम चढत्या क्रमातच हवा, नाहीतर चुकीची उत्तरं गुपचूप येतात. उणे दिवसांना तो एन/ए देईल, आणि रिकाम्यासाठी आधी "इफ" लावावाच लागेल.

एक फरक ध्यानात असू द्या. तक्त्यात ३०.४ दिवस "३० पर्यंत" मध्ये जातात, कारण ३१ अजून लागलेलं नाही. वरच्या "इफ्स" मध्ये तेच पुढच्या कप्प्यात जातात. दोन्ही पद्धती एकाच ऑफिसात चालू असतील तर पायरी २ मधलं "इंट" दोन्हीकडे लावा.

रेघ बदलली त्या तारखेची नोंद तक्त्याच्या खाली लिहा, आणि जुन्या महिन्यांचे रिपोर्ट पीडीएफ करून वेगळे ठेवा. मार्चअखेर सीए मागच्या सप्टेंबरचं एजिंग मागतात, तेव्हा त्यांना त्या वेळच्या रेघांवरचाच कागद द्यावा लागतो.